फाउंटन्स ॲबी, यॉर्कशर: छप्पर गेलेला मठ आणि दळत राहिलेली पाणचक्की

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो: आईवडिलांना लंडन दाखवून झाले, आता पुढे काय? आम्ही लीड्सला राहत असल्यामुळे आमचे उत्तर ठरलेले असते. रिपन या गावाच्या नैर्ऋत्येला साधारण पाच किलोमीटरवर, स्केल नावाच्या लहानशा नदीच्या अरुंद खोऱ्यात, फाउंटन्स ॲबी या मध्ययुगीन मठाचे अवशेष उभे आहेत आणि त्यांना लागूनच स्टडली रॉयल हे अठराव्या शतकातले जलोद्यान आहे. १९८३ पासून या जागेची देखभाल वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि १९८६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मी इथे याआधी चारपाच वेळा गेले होते. परंतु या मे महिन्यात आईबाबांबरोबर सबंध दिवस काढला तेव्हा पूर्वी नजरेतून सुटलेले बरेच काही दिसले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आधी वाटेविषयी. बहुतेक पाहुणे टेकाडावरच्या माहिती केंद्रातून खाली उतरतात, झाडीच्या वर एकदम मनोऱ्याचा माथा दिसतो, फोटो निघतात आणि पावले आपोआप चर्चकडे वळतात. ही वाट देखणी आहे यात शंका नाही. मात्र मठ केवळ पाहायचा नसून समजूनही घ्यायचा असेल, तर चर्च मागे ठेवावे आणि आधी पाणचक्की गाठावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चर्च आपल्याला मठाचे वैभव सांगते. पाणचक्की तो मठ चालत कसा होता ते सांगते, आणि इथल्या इतर कोणत्याही भिंतीपेक्षा स्वच्छ सांगते.

ही चक्की बाराव्या शतकातली. नदीचे पाणी पाटाने वळवून चाकावर सोडलेले, वर धान्याचे मजले आणि खाली ओल धरून असलेल्या जाड दगडी भिंती. मठाच्या दूरदूरच्या शेतांवरून आलेले धान्य इथे दळले जाई आणि शेकडो माणसांची भाकरी त्यावर चाले. आत ठेवलेल्या दगडी पाळीवरून हात फिरवत आई म्हणाली, “एवढ्या दगडाला टाकी लावायची म्हणजे पाथरवट घरचाच हवा.” तिचा तर्क अगदी बरोबर होता, कारण बांधकाम पिढ्यान् पिढ्या चालू असलेल्या या मठाला पाथरवटांची वाण कधीच नव्हती. मठ १५३९ मध्ये बंद झाला. चक्की मात्र १९२७ पर्यंत दळत राहिली. मधल्या पावणेचारशे वर्षांहून अधिक काळात मालक बदलले, धर्म बदलला, राजघराणी बदलली, पण पिठाची गरज कुणालाच चुकली नाही, आणि म्हणून या एका इमारतीचे छप्पर कुणी काढले नाही. पुढे तिने लाकूडही कापले आणि इस्टेटीसाठी वीजही तयार केली. हे डोक्यात ठेवून मग मठाकडे चालत गेलो, की तिथल्या उघड्या आभाळाचा अर्थ वेगळा लागतो.

मठाची सुरुवात भांडणातून झाली. यॉर्क शहरातल्या सेंट मेरीज या श्रीमंत, बेनेडिक्टाइन पंथाच्या मठातल्या काही संन्याशांना तिथले राहणीमान फार सैल वाटू लागले. त्यांनी सुधारणेचा आग्रह धरला, प्रकरण हातघाईवर आले आणि अखेर आर्चबिशप थर्स्टन यांनी तेरा जणांना आपल्या आश्रयाखाली घेतले. ११३२ च्या डिसेंबरात त्यांनी या मंडळींना स्केलकाठची ही जागा दिली. तेव्हा इथे दाट झाडी, काटेकुटे आणि दोन्ही बाजूंना खडकाचे उभे कडे याखेरीज काही नव्हते. पहिला हिवाळा त्यांनी झाडांखालीच काढला. ११३५ मध्ये ते रीतसर सिस्टर्शियन पंथात सामील झाले आणि त्यांना पंथाची रीत शिकवण्यासाठी पंथाचे नेते, क्लेअरव्हो मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी आपल्याकडचा एक अनुभवी संन्यासी फ्रान्सहून पाठवला. वस्तीपासून दूर राहावे, स्वतःच्या कष्टावर जगावे आणि रंग न दिलेल्या लोकरीचा जाडाभरडा पांढरा अंगरखा घालावा, हा या पंथाचा बाणा होता. त्या लोकरीनेच पुढे मठाला इंग्लंडमधला सर्वांत श्रीमंत सिस्टर्शियन मठ करून ठेवले, हा दैवाचा खेळ म्हणायचा.

त्या श्रीमंतीचा मागोवा घ्यायचा तर कोठीघरात जावे. माझ्या दृष्टीने सबंध जागेतला हा सर्वोत्तम भाग आहे आणि इथे अर्धा तास तरी द्यावा. मठाच्या पश्चिम बाजूला सुमारे तीनशे फूट लांबीचे हे तळघरासारखे दालन आहे. मधोमध खांबांची एकच रांग. त्या खांबांना वर नक्षीदार माथे नाहीत, त्यामुळे कमानींच्या फासळ्या खांबातूनच फुटून फांद्यांसारख्या दोन्हीकडे पसरतात आणि पुढच्या खांबात उतरतात. एका टोकाला उभे राहिल्यावर दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. आम्ही गेलो तेव्हा शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने टाळी वाजवली, आणि ती टाळी दालनभर फिरून परत येईपर्यंत सगळी मुले गप्प झाली. वरच्या फटींत आज वटवाघळांची वस्ती आहे.

या दालनाचा एक भाग कोठार होता आणि एक भाग ‘ले ब्रदर’ म्हणवल्या जाणाऱ्या मंडळींची पंगत बसण्याचा; वरच्या मजल्यावर, जो आता उघडा आहे, त्यांची निजण्याची जागा होती. हे लोक दीक्षा घेतलेलेच, परंतु त्यांना लॅटिन पोथ्यांशी कर्तव्य नसे. प्रार्थना मोजक्या आणि मुखोद्गत, बाकी सगळा दिवस शेत, मेंढ्या, भट्टी, खाण आणि बांधकाम यांत जाई. गायकवृंदात बसणारे संन्यासी आणि हे कष्टकरी एकाच आवारात राहत असत. पण जेवण्याच्या, झोपण्याच्या आणि चर्चमध्ये उभे राहण्याच्याही त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. जमिनीवर उरलेल्या भिंतींच्या पायाच्या रेषांवरून हा भेद आजही ओळखता येतो. बाबांनी तो लगेच ओळखला आणि त्यावर ते फारसे बोलले नाहीत.

मठाची मेंढरे यॉर्कशरच्या डोंगरांवर चरत असत. माल्हम गावाजवळचा एक डोंगर अजूनही ‘फाउंटन्स फेल’ याच नावाने ओळखला जातो. लोकर फ्लँडर्सच्या आणि इटलीच्या व्यापाऱ्यांना विकली जाई. फ्लॉरेन्सच्या पेगोलॉत्ती या व्यापाऱ्याने चौदाव्या शतकात कोणत्या इंग्लिश मठाची लोकर कोणत्या भावाने मिळते याची जी यादी करून ठेवली, तिच्यात फाउंटन्सचे नाव आहे. व्यवहार पुष्कळदा आगाऊ होत असे: येत्या काही वर्षांची लोकर आजच विकून पैसा उचलायचा आणि त्यातून बांधकाम करायचे. मग मेंढ्यांत रोग पसरला की देणे फिटत नसे, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस हा एवढा मोठा मठ कर्जात बुडाला होता. साध्या राहणीचे व्रत घेतलेल्यांनी वायद्याचा धंदा करावा याचे बाबांना नवल वाटले, पण कोठीघराची लांबी पाहिल्यावर ते साहजिकही वाटले.

उरलेल्या इमारतींतही थांबण्यासारखे पुष्कळ आहे. शेकोटीच्या खोलीतली एक अजस्र चूल इतकी रुंद आहे की तिच्यात एक कुटुंब पथारी टाकून झोपू शकेल. नदी अडवण्याऐवजी तिला दगडी बोगद्यांत घालून तिच्या डोक्यावर बांधकाम केले आहे, आणि शौचकूप नेमके वाहत्या पाण्यावर येतील अशी योजना आहे. बाराव्या-तेराव्या शतकातला हा स्वच्छतेचा विचार पाहून नगरपालिकेत आयुष्य काढलेले बाबा त्या काठावर बराच वेळ रेंगाळले.

चर्च शेवटी पाहिले, आणि त्याचा आनंद उलट अधिक झाला. पश्चिमेकडच्या दारातून आत पाऊल टाकले की दोन्ही बाजूंना जाड गोल खांबांच्या रांगा, वर आभाळ, पायाखाली हिरवळ आणि पार टोकाला नऊ वेद्यांच्या प्रार्थनागृहाची रिकामी खिडकी दिसते. याच ठिकाणी एका खिडकीच्या माथ्यावरचा दगड पंधराव्या शतकात तडकला. तडा लपवण्यासाठी कारागिराने दोन्ही बाजूंनी कोरीव दगड बसवले: एकीकडे देवदूत, तर दुसरीकडे तोंडातून पालवी फुटलेला चेहरा. ते खूप उंचावर आहेत, म्हणून दुर्बीण असल्यास न्यावी. आमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने जेमतेम पालवी टिपली.

उत्तरेकडचा सुमारे १६० फुटी मनोरा मठाधिपती मार्माड्यूक ह्यूबी यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारला. पंथाच्या आरंभीच्या नियमांत दगडी घंटाघरांना सक्त मनाई होती. मान आणि कीर्ती एकट्या देवाची, अशा अर्थाचे लॅटिन वचन या मनोऱ्यावर कोरलेले आहे. आणि त्याच मनोऱ्यावर ह्यूबींनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरेही कोरून घेतली आहेत.

ह्यूबी गेल्यावर तेरा वर्षांत सगळे संपले. राजा आठवा हेन्री पोपपासून फुटला आणि मठांच्या मालमत्तेकडे वळला. १५३६ पासून आधी लहान आणि मग मोठे मठ बंद होत गेले. आधीचे मठाधिपती विल्यम थर्स्क यांना उत्तरेतल्या बंडात भाग घेतल्याच्या आरोपावरून १५३७ मध्ये लंडनला देहान्त शासन झाले. त्यांच्या जागी आलेले मार्माड्यूक ब्रॅडली अधिक व्यवहारी निघाले: २६ नोव्हेंबर १५३९ रोजी त्यांनी मठ राजाच्या स्वाधीन केला आणि वर्षाला शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन घेतले. काही काळ इथे नव्या धर्मप्रांताचे मुख्य चर्च करण्याचा विचार चालू होता, त्यामुळे मोडतोड थोडी लांबली. तो मान अखेर चेस्टरला गेला आणि १५४० मध्ये लंडनचे व्यापारी सर रिचर्ड ग्रेशॅम यांनी ही मालमत्ता विकत घेतली. छपराचे शिसे उतरवले गेले, काचा गेल्या. चक्कीचे छप्पर राहिले आणि चर्चचे गेले, कारण चक्कीचे पीठ सगळ्यांना हवे होते आणि चर्चचे छप्पर वितळवून विकता येत होते.

यापुढचा भाग पाहुणे बहुधा घाईत उरकतात आणि तिथेच त्यांचे चुकते असे मला वाटते. पश्चिमेच्या फाटकाजवळ फाउंटन्स हॉल हा देखणा वाडा आहे. सर स्टीफन प्रॉक्टर यांनी १५९७ मध्ये इस्टेट घेतली आणि पुढच्या काही वर्षांत हा वाडा बांधला. बराचसा दगड मठाचाच. वाड्याच्या पायरीवर उभे राहून मठाकडे पाहिले की तिथले गेलेले कोपरे इकडे येऊन बसले आहेत, हे ध्यानात येते. मठ बंद झाल्यावरचे शतकभर तो एक आयती दगडखाण होता, आणि तरीही इतका शिल्लक राहिला याचे श्रेय काही अंशी खोऱ्याच्या आडबाजूला जाते.

उरलेले श्रेय एका बदनाम अर्थमंत्र्याकडे आणि त्याच्या मुलाकडे जाते. शेजारची स्टडली इस्टेट जॉन एस्लाबी यांची. ते ब्रिटनचे अर्थमंत्री असताना १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला. भ्रष्टाचाराचा ठपका आला, पार्लमेंटमधून हकालपट्टी झाली आणि काही काळ टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदही भोगावी लागली. घरी परतल्यावर या गृहस्थांनी उरलेले आयुष्य बागेत घातले. नदीला सरळ कालव्यात बांधून चंद्रकोरीच्या आणि पूर्णचंद्राच्या आकाराची तळी केली, काठावर ग्रीक धाटणीची देवळे उभारली. मठ मात्र त्यांना शेजाऱ्याकडून मिळाला नाही. तो त्यांचे चिरंजीव विल्यम यांनी १७६०च्या दशकाच्या अखेरीस मिळवला आणि वडिलांच्या बागेचे अखेरचे दृश्य म्हणून त्याची मांडणी केली. आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलीन हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बसण्याच्या जागेपाशी एका वळणावर तो मठ अवचित समोर येतो, नदीच्या पाण्यापलीकडे, चित्रासारखा. विल्यमनी अवशेष झाडून-पुसून इतके नीटनेटके केले की निसर्गदृश्यांचे जाणकार विल्यम गिल्पिन यांनी त्यांच्यावर छापील टीका केली. मला ती टीका पटते, पण त्या नीटनेटकेपणाखेरीज आज पाहायला किती उरले असते हेही सांगता येत नाही. आता अतिवृष्टीत स्केलबरोबर येणारा गाळ या तळ्यांचा मोठा शत्रू झाला आहे.

आईचे गुडघे तळ्यांपर्यंत साथ देतात की नाही याची मला धास्ती होती. उद्यानातली मुख्य वाट सपाट आहे. चढ आहे तो वरच्या दृश्यस्थळांकडे जाणाऱ्या वाटेला. आई खालच्या बाकावर बसली, आम्ही वर जाऊन आलो, आणि आम्ही परतेपर्यंत तिने तिथल्या एका आजीबाईंशी हिंदी-इंग्रजीत मैत्री करून त्यांच्याकडून आल्याची बिस्किटे मिळवली होती.

उद्यानापलीकडे हरिणांचे विस्तीर्ण कुरण आहे, आणि त्यात मराठी माणसाने आवर्जून जावे अशी एक वास्तू आहे. आमच्या शाळेच्या पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रत्येक गाईडमध्ये ‘भारतातील स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक’ म्हणून ज्यांचे नाव पाठ करावे लागते ते लॉर्ड रिपन, १८८० ते १८८४ या काळातले भारताचे व्हाइसरॉय, हे या इस्टेटीचे मालक होते. त्यांची पदवी याच शेजारच्या गावावरून आलेली. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा लिटन यांचा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला तो रिपन यांच्या कारकिर्दीत, म्हणजे ‘केसरी’ जेमतेम वर्षाचा असताना. जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात ज्या हंटर आयोगासमोर शिक्षणाविषयी निवेदन मांडले तो आयोग रिपन यांनीच नेमलेला, आणि मुंबईच्या फोर्ट भागातला पारशी मंडळींचा रिपन क्लब त्यांच्याच नावाचा.

कुरणातले सेंट मेरीज चर्च रिपन दांपत्याने विल्यम बर्जेस या वास्तुविशारदाकडून १८७० च्या दशकात बांधून घेतले. लेडी रिपन यांचे भाऊ फ्रेडरिक व्हायनर यांना १८७० मध्ये ग्रीसमध्ये मॅरेथॉनचे प्राचीन रणांगण पाहून परतताना दरोडेखोरांनी पळवले आणि ठार मारले. खंडणीसाठी जमवलेला पण न वापरला गेलेला पैसा या चर्चला लागला असे सांगतात. बाहेरून ते गंभीर दिसते, मात्र आत वेदीकडच्या भागात सोने, रंग, संगमरवर आणि देवदूत यांची नुसती गर्दी उडाली आहे. इतके सोने माझ्या डोळ्यांना जड झाले. आईला मात्र मठापेक्षा हेच आवडले. गंमत अशी की चर्चचे काम चालू असताना, १८७४ मध्ये, लॉर्ड रिपन स्वतः कॅथलिक झाले आणि मग अँग्लिकन चर्चचा खर्च एक कॅथलिक गृहस्थ करत राहिला. १९०९ मध्ये ते वारले आणि पतिपत्नींचे पांढऱ्या दगडातले स्मारक इथेच आहे. चौतीस वर्षे नगरपालिकेच्या करविभागात काढलेले बाबा त्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, “ठराव केला यांनी, घरपट्टी वसूल केली आम्ही.” रिपन यांचा मूळ वाडा १९४६ मध्ये जळाला, त्यामुळे आज मालकाची ओळख सांगणारी मुख्य जागा हे चर्चच आहे. इथून लिंबाच्या कुळातल्या नव्हे तर लाइम नावाच्या युरोपीय झाडांची लांबलचक दुतर्फा रांग उतरत जाते आणि तिच्या बरोबर टोकाला रिपन कॅथीड्रल दिसते. ती दृष्टिरेषा मुद्दाम साधलेली आहे.

आता सोयीगैरसोयींविषयी. रिपनला १९६७ पासून रेल्वे नाही; लीड्सहून हॅरोगेटमार्गे ३६ क्रमांकाची बस येते आणि तिथून टॅक्सी करावी लागते. परतीसाठी मी फोनवर ठरवलेली टॅक्सी पन्नास मिनिटे आली नाही, शेवटी दुसरी बोलवावी लागली. त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर परतीचा बंदोबस्त पक्का करूनच निघावे. तिकिटाचे दर बदलत असल्याने इथे देत नाही, परंतु नॅशनल ट्रस्टचे सभासद असल्यास ते वेगळे पडत नाही, आणि वर्षात तीनचार ठिकाणे पाहणाऱ्या कुटुंबाला सभासदत्व परवडते. हरिणांच्या कुरणात जायला तिकीट लागत नाही. सेंट मेरीज चर्च रोज उघडे नसते, तेव्हा वेळा आधी पाहून घ्याव्यात. पहिल्या दोन भेटींत मी बंद दार पाहून परतले आहे. पावसाळी बूट न्यावेत, कारण कोठीघराबाहेरची हिरवळ मे महिन्यातही ओली असते. डबा नेल्यास नदीकाठी बसायला जागा भरपूर आहे. आमच्या तिखटामिठाच्या पुऱ्यांवर बदकांनी विशेष लक्ष ठेवले होते.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो अंतरासाठी: चक्कीपासून सेंट मेरीज चर्चपर्यंत जाऊन परत येणे वयस्क माणसांना एका दिवसात जड जाते. पुढच्या खेपेला दोन दिवस काढून रिपनमध्येच मुक्काम करायचा आणि सुरुवात सेंट मेरीज चर्चच्या बाजूने करायची, असे बाबांनी टॅक्सीतच ठरवून टाकले आहे.